स्ट्रॉबेरीच्या गालिच्याऐवजी मंडूकपर्णी: फोंड्यातल्या एका परसाचं प्रकरण

गोव्यात फोंडा तालुक्यातल्या एका घरामागच्या परसाची, आणि तिथे स्ट्रॉबेरीऐवजी लागलेल्या मंडूकपर्णीची, म्हणजे जमिनीवर पसरणाऱ्या एका खायच्या पालेवनस्पतीची, ही हकिगत. परस माझ्या प्राथमिक शाळेतल्या बाईंचं. त्यांच्या परवानगीने लिहिते आहे; गावाचं नाव आणि ओळख पटेल असे तपशील गाळले आहेत. मी छोटी रोपवाटिका चालवते आणि लोकांना बागा लावून देते. या कामात दोन पावसाळे गेले, आणि चुका झाल्या त्यातल्या काही माझ्या होत्या.

पार्श्वभूमी

घर जुनं, कौलारू. मागे तीन माड, एक मानकुरादाचा आंबा, एका कडेला सहा पोफळी. या सगळ्यांच्या मधे साधारण 45 चौरस मीटर मोकळी जमीन, विहिरीकडे उतरत जाणारी. काही वर्षांपूर्वी तिथे लॉन घातलं होतं. आंब्याखालचं गवत ऊन मिळेना म्हणून गेलं, उघड्यावरचं एप्रिल-मेच्या उन्हात करपलं. उरलं ते टक्कल पडलेलं लाल मातीचं अंगण. आपल्याकडे वर्षाला 3000 मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. उघड्या उतारावर त्याचं काय होतं ते बाईंच्या विहिरीत दिसायचं. जुलैत पाणी चहासारखं लाल.

बाईंची लेक कॅनडात, ओंटारियोत राहते. तिने घरापुढचं गवत काढून तिथली रानस्ट्रॉबेरी लावली. फ्रागारिया व्हर्जिनियाना ही उत्तर अमेरिकेतली मूळची वनस्पती. तीन-तीन पानांचे जुडगे, पाच पाकळ्यांची पांढरी फुलं आणि करंगळीच्या नखाएवढी फळं, आकाराने क्षुल्लक पण वासाने घर भरून टाकणारी. रनर, म्हणजे जमिनीवरून धावणारे लांब देठ टाकत ती पसरते. देठाच्या टोकाशी नवं रोप मूळ धरतं. माती धरून ठेवते, कापावी लागत नाही, हिवाळाभर बर्फाखाली राहून वसंतात पुन्हा फुटते. लेकीने नातवाचा फोटो पाठवला, गुडघ्यावर बसून फळं वेचताना. बाईंनी तो मोठा करून छापून घेतला आणि मला बोलावलं.

"अगो, मला परसात हेच हवं. तो नाताळच्या सुट्टीत येतो तेव्हा त्याला इथेही वेचता आलं पाहिजे."

मी म्हटलं, "बाई, इथे ते टिकणार नाही." बाईंनी शाळेत विचारायच्या तसं विचारलं, "तिथे बर्फाखाली जगतं, ते इथे उबेत मरेल कसं?"

प्रश्न रास्त आहे. खूप लोक हाच विचारतात.

अडचण

उत्तर असं की स्ट्रॉबेरी थंडी नुसती सोसते असं नाही, तिला थंडी हवी असते. रात्री गार असल्या तर तिच्यात कळी धरण्याची प्रक्रिया नीट होते. दिवस लहान असणंही लागतं, पण तो आपला अडसर नाही. गोव्यात सर्वांत मोठा दिवससुद्धा जेमतेम 13 तासांचा. अडसर उष्णतेचा. फोंड्यात जानेवारीतली रात्र साधारण 20 अंशांची, मार्चपासून तीही उरत नाही. झाड मग पानं आणि रनर काढत राहतं, फुलायचं थांबतं. महाबळेश्वर 1300 मीटरहून उंच आहे, तरी तिथेही स्ट्रॉबेरी हे सप्टेंबर-ऑक्टोबरात लावून मार्च-एप्रिलपर्यंत संपवायचं पीक. आपल्याकडेही नेत्रावळीजवळ वेर्लेंला डोंगरात शेतकरी स्ट्रॉबेरी काढतात, तीही थंडीच्या महिन्यांत. बारमाही गालिचा कोणीच करत नाही.

दुसरी गोष्ट पावसाची. स्ट्रॉबेरीची सगळी पानं बुडाशी एका आखूड जाड खोडातून निघतात. ते नेमकं मातीच्या पातळीवर राहावं लागतं. पावसाच्या माऱ्याने माती उडून त्यावर बसली की ते कुजतं. कुजवणाऱ्या जिवांपैकी एक फायटोप्थोरा कुळातला आहे. पोफळीवरच्या कोळेरोगाला कारण होणारा त्याच कुळातला, त्याचा भाऊबंदच म्हणा. ज्या तालुक्यात प्रत्येक कुळागरवाला, म्हणजे पोफळीच्या बागेचा मालक, पावसाळ्यात कोळेरोगाने हैराण असतो, तिथे हे झाड उघड्यावर चार महिने ठेवायचं होतं.

हे मी सांगितलं. बाईंना पटलं नाही, आणि मी फार ताणलं नाही. पहिला निर्णय इथे झाला, तोही न घेता.

पहिला प्रयत्न

लेक म्हणाली, येताना सामानातून दहा-बारा रनर आणते. याला मात्र मी स्पष्ट नाही म्हटलं. 2003 च्या वनस्पती विलगीकरण आदेशाप्रमाणे परदेशातून रोपं आणायला आयात परवाना आणि तिथल्या सरकारचं रोगमुक्ततेचं प्रमाणपत्र लागतं. हा नुसता कागदी नियम नाही. मुळाशी चिकटलेल्या चिमूटभर मातीतून काय येईल सांगता येत नाही, आणि बाईंच्या गडग्यापलीकडे लोकांची कुळागरं आहेत.

मग नोव्हेंबरात महाबळेश्वरची 60 रोपं आली. सोबत बाईंनी ऑनलाइन मागवलेलं युरोपातल्या रानस्ट्रॉबेरीचं, फ्रागारिया व्हेस्काचं बी. ते तीन आठवडे फ्रिजमध्ये ठेवून पेरलं, पुष्कळसं उगवलंही. जानेवारीत महाबळेश्वरच्या रोपांना फळं आली, थोडीच पण आली. बाई हरखल्या. मी गप्प राहिले.

मार्चच्या शेवटच्या आठवड्यात पानांच्या कडा करपू लागल्या. सकाळ-संध्याकाळ पाणी घालून अर्धी रोपं मेपर्यंत तगवली. जूनच्या पहिल्या मोठ्या पावसानंतर मी गेले तर बाई ओणव्या होऊन एकेक रोप नुसतं उचलत होत्या. हाताला जोर लावावा लागत नव्हता. बुडखा चॉकलेटी आणि मऊ, मूळ मातीत राहिलेलं आणि पानांचा झुबका हातात. बियांपासूनची रोपं तर त्याआधीच गोगलगायींनी फस्त केली होती.

कोणते पर्याय होते

त्या दिवशी ओटीवर बसून आम्ही पहिल्यांदा नीट विचार केला. मी बाईंना विचारलं, लेकीच्या अंगणातलं तुम्हांला नेमकं काय आवडलं? त्यांनी वहीत लिहिलं: माती झाकलेली, कापावं लागत नाही, खाता येतं, तिथलंच मूळचं आहे, मुलाला वेचता येतं. पाच गोष्टी. त्यांतल्या चार गोष्टींसाठी स्ट्रॉबेरीची गरजच नव्हती. हा तुकडा लिहिताना मला आजही वाटतं की हे नोव्हेंबरात विचारलं असतं तर 60 रोपं वाचली असती.

मग एकेक पर्याय तपासला.

हिमालयातली रानस्ट्रॉबेरी देशी खरी, पण डोंगरातली. फोंड्याला ती ओंटारियोइतकीच परकी. पिवळ्या फुलांची, स्ट्रॉबेरीसारखी दिसणारी पोटेंटिला इंडिका बागेत सुचवली जाते. तिचं फळ लाल, गोंडस आणि बेचव. ती मुलाच्या हातात द्यायची म्हणजे फसवणूकच.

रताळी, आपली कणगां. वेल झपाट्याने माती झाकतो, कोवळ्या पाल्याची भाजी होते. पण कंद काढायला जमीन खणावी लागते, आणि उतारावर दर वर्षी जमीन मोकळी करायची हेच तर नको होतं. शिवाय मूळची अमेरिकेची. बाईंनी ती विहिरीपासून लांब सपाटीला एका वाफ्यापुरती ठेवली.

घोळ उन्हातली, रसरशीत, भाजी चांगली. पण ती हंगामी. बी पडून येते आणि जाते. तिच्यात ऑक्झॅलेट भरपूर, आणि घरात सरांना, म्हणजे बाईंच्या यजमानांना, मुतखड्याचा त्रास. तायकिळा, म्हणजे टाकळा, पहिल्या पावसात आपोआप येतो, भिकणां (फणसाच्या आठळ्या) आणि खोबरं घालून त्याची भाजी आम्ही सगळेच खातो, पण तो उभा वाढतो आणि पावसाळ्यानंतर वाळतो. गालिचा म्हणून उपयोग नाही.

उरल्या दोन. मंडूकपर्णी, जिला आपल्याकडे सर्रास ब्राह्मी म्हणतात, आणि पिंपळी. मंडूकपर्णी कोथिंबीर-गाजराच्या कुळातली. ओलसर मेरांवर (बांधांवर), पाटाच्या कडेला ती गोव्यात कुठेही सापडते. आणि ती अगदी स्ट्रॉबेरीसारखीच रनर टाकत पसरते. प्रत्येक पेराशी मूळ, मुळाशी नवा पानांचा झुबका. फरक एवढाच की पेर मातीत पुरलं गेलं तर ते कुजत नाही, उलट जोमाने फुटतं. पिंपळी मिऱ्याच्या कुळातली, पश्चिम घाटातली मूळची, सावलीत जमिनीवर सरपटणारी. आंब्याखाली गवत मेलं तिथे ती खूश राहील असा माझा अंदाज.

पाचवी गोष्ट, वेचायचं फळ, कशातच बसत नव्हती. तिथे बाई बराच वेळ थांबल्या. शेवटी मी सुचवलं की स्ट्रॉबेरी सोडू नका, तिची जागा बदलू. नातू डिसेंबरात येतो, आणि आपल्याकडे स्ट्रॉबेरीला जमतो तोच काळ. बारा कुंड्या, ऑक्टोबरात लावायच्या, फेब्रुवारीनंतर मोडायच्या.

काय केलं

मंडूकपर्णीची 40 रोपं जुलैत एका रोपवाटिकेतून मागवली, कारण माझ्याकडे पुरेशी नव्हती. ती आली त्या दिवशी मी दुसऱ्या कामावर होते. आठवड्याने गेले आणि पान हातात घेताच चूक कळली. पान वाटोळं, चकचकीत, आणि देठ पानाच्या बरोबर मधोमध चिकटलेलं, छत्रीच्या दांड्यासारखं. मंडूकपर्णीचं पान मूत्रपिंडाच्या आकाराचं, कडेला बोथट दाते, आणि देठ मधे नसतं. पानाला जिथे खाच असते तिथे ते जुळतं. आम्हांला मिळालं होतं ते हायड्रोकॉटिल, शोभेचं पाणथळ झाड, ब्राह्मी म्हणून विकलेलं. विषारी नव्हे, पण आपलं नव्हे, आणि मार्चमध्ये टिकलंही नसतं. वर भर म्हणजे एका रात्रीच्या पावसात त्यातली अर्धी रोपं उताराने वाहून विहिरीच्या कठड्याशी ढीग होऊन पडली होती.

त्या ढिगाने आम्हांला दोन गोष्टी शिकवल्या. एक, जोरदार पावसात उतारावर लावणी करायची नाही. चवथ (गणेशचतुर्थी) होऊ दे, पाऊस मवाळ होऊ दे. दोन, आधी उतार अडवायला हवा. नारळाची सोडणं घरात पोत्यांनी होती. ती उताराला आडव्या ओळींत, अर्धी मातीत पुरून बसवली, ओळींमध्ये दीड हाताचं अंतर. वरून आलेली माती त्या ओळींशी थांबू लागली, आणि ओलाही.

रोपं कुठून आणायची हा पुढचा प्रश्न. शेजारच्या शेताच्या मेरेवर मंडूकपर्णी दाट होती. मी विचारलं, मेरेवर तणनाशक मारता का? मारतात, असं कळलं. तिथून घेतली नाही. सावईवेऱ्याच्या एका ओळखीच्या कुळागरात पाटाच्या कडेची मिळाली. मालकिणीने दोन टोपल्या भरून दिल्या. दोन-तीन पेरांचे मुळांसकट तुकडे करून वीतभर अंतरावर सप्टेंबरात लावले. पिंपळीच्या मुळं फुटलेल्या काड्या आंब्याखाली.

पोफळींखाली मात्र खायचं काही लावलं नाही. कोळेरोगासाठी पोफळींवर पावसाळ्याच्या तोंडाला आणि मग चाळीसेक दिवसांनी बोर्डो मिश्रण फवारतात. त्यातलं मोरचूद खाली गळतं. जे पान चटणीत कच्चं वाटायचं ते त्या थेंबांखाली नको. तिथे पोफळीच्याच झावळ्या कापून पसरल्या. माझ्या मते या सगळ्या कामातला हा सर्वांत महत्त्वाचा निर्णय, आणि कुळागरातली माणसं सोडली तर तो कोणाला चटकन सुचत नाही.

पाण्याबाबत बाईंचं म्हणणं होतं की मोरीचं पाणी वळवावं. साबणाचं पाणी खायच्या पानांवर नको म्हणून ते केळीलाच ठेवलं. तांदूळ आणि भाज्या धुतलेलं पाणी तेवढं बादलीने मंडूकपर्णीला. जानेवारीपासून विहिरीचं पाणी एक दिवसाआड.

काय झालं

पहिल्या उन्हाळ्यात मंडूकपर्णी आकसली. पानं नाण्याएवढी झाली, कडेला लाली आली, उघड्यावरचे काही तुकडे मेले. पण मुळं जिवंत होती. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात ती उठली आणि ऑगस्टअखेर मोकळ्या जागेचा जवळजवळ दोन-तृतीयांश भाग हिरवा झाला. त्या जुलैत बाईंनी विहिरीतून कळशी काढून मला दाखवली. पाणी अगदी नितळ होतं असं म्हणणार नाही, पण कळशीचा तळ दिसत होता.

पिंपळीने आंब्याखाली मूळ धरलं. दुसऱ्या वर्षी मूठभर हिरवी कणसं मिळाली. सुपात वाळवून बाटलीत भरली. काढ्यात घालतात.

पागोळ्यांच्या रेघेत काहीच जगलं नाही. कौलांवरून पाणी इतक्या जोराने पडतं की तिथे तीनदा लावलं, तीनदा उखडलं गेलं. शेवटी तिथे चिऱ्यांचे तुकडे आणि खडी भरली. गोगलगायींचा त्रास कायम आहे. दाट ओलसर पाला त्यांनाही आवडतो. पावसाळ्यात रात्री बॅटरी घेऊन त्या वेचाव्या लागतात, आणि हे काम सत्तरीतल्या बाईंना झेपणारं नाही. शेजारचा मुलगा करतो.

खाण्याचे नियम बाईंनी स्वयंपाकघराच्या दाराला लावून ठेवले आहेत. पान मातीला टेकलेलं असतं, उंदीर-मांजरं फिरतात, आणि पावसाळ्यात आपल्याकडे लेप्टोस्पायरोसिस असतो. म्हणून जून ते सप्टेंबर कच्चं खायचं नाही, फक्त शिजवून. इतर दिवसांत मिठाच्या पाण्यात ठेवून, तीन पाण्यांनी धुऊन खोबऱ्याच्या चटणीत. आठवड्यातून एकदा-दोनदा, चवीपुरतं. मंडूकपर्णीचा अर्क काही आठवडे घेतलेल्या काही जणांच्या यकृताला इजा झाल्याच्या नोंदी आहेत. स्मरणशक्तीसाठी रोज वाटीभर रस प्या असं सांगणारे भेटतात. बाईंच्या शेजारणीने ते सुरू केलं होतं, तिला आम्ही थांबवलं.

नातू डिसेंबरात आला. बारा कुंड्यांपैकी दोन रोपं मेली होती, उरलेल्या दहांवर पंधरा दिवसांत सतरा फळं पिकली. त्याने ती खाल्ली, आईच्या अंगणातल्यांसारखा वास येत नाही असं सांगितलं, आणि ते खरंच आहे. बाजारातली स्ट्रॉबेरी म्हणजे अठराव्या शतकात फ्रान्समध्ये उत्तर अमेरिकेच्या त्या रानस्ट्रॉबेरीचा चिलीतल्या मोठ्या फळाच्या जातीशी झालेला संकर. आकार वाढला, वास तेवढा राहिला नाही. नंतर तो मंडूकपर्णीत बसून एक रनर टोकापासून शेवटपर्यंत उचलत गेला आणि पेरं मोजली. अकरा भरली. बाईंनी तो रनर त्याच्याकडूनच मोकळ्या कोपऱ्यात लावून घेतला.

वेगळं काय करता आलं असतं

पाच गोष्टींची ती यादी पहिल्या भेटीतच करून घ्यायला हवी होती. मी झाडाबद्दल वाद घातला. माणसाला काय हवं ते विचारलं नाही.

पूर्ण 45 चौरस मीटरवर हात घालण्याआधी उन्हातला, सावलीतला आणि पागोळ्यांखालचा असे एकेक मीटरचे तीन तुकडे एक वर्ष लावून बघायला हवे होते. पागोळ्यांची रेघ पहिल्याच पावसात कळली असती आणि तीन लावण्या वाचल्या असत्या. रोपं माझ्या डोळ्यांसमोर उतरवून घ्यायला हवी होती. आता मी कोणाहीकडून ब्राह्मी घेताना आधी एक पान उलटं करून देठ बघते.

सोडणं पहिल्या जूनमध्ये बसवली असती तर एक पावसाळाभराची माती विहिरीत गेली नसती. झाडं कोणती ते ठरायच्या आधीही हे करता येण्यासारखं होतं, त्याला खर्चही नव्हता.

एका गोष्टीबद्दल बाईंचं आणि माझं अजून जमलेलं नाही. तुळशीवृंदावनाभोवतालचं उरलेलं गवतही काढून तिथे मंडूकपर्णी लावावी असं त्यांना वाटतं. ती तुडवणं फारसं सोसत नाही, आणि चवथीला त्याच जागेतून घरातली वीस-पंचवीस माणसं ये-जा करतात. मी म्हटलं आहे की आधी चालायच्या वाटेवर चिरे बसवू, मग बघू. चिरेवाला आला आणि माप घेऊन गेला.